साटिन लावलेली पेटी

माझ्या नणंदेला सगळं कसं छान दिसलेलं लागतं. पडद्याला चुणी पडलेली चालत नाही, फोटोत कुणाचे डोळे मिटलेले चालत नाहीत आणि सासऱ्यांची वेताची टोपली तर तिच्या डोळ्यांत अगदी खुपली. चर्चमध्ये प्राण्यांना आशीर्वाद देण्याचा कार्यक्रम होता. सजावट नणंदेकडे होती, आणि शेवटी फादरांच्या हातून पांढरी कबुतरं उडवायची ही कल्पनाही तिचीच. कबुतरं अर्थात तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची.

सासऱ्यांनी जन्मभर शिवणकाम केलं. माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. उरलेल्या सगळ्या गप्पा गच्चीवर, कबुतरांशी. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मादीला आम्ही मावशी म्हणायचो, कारण दुसरीने टाकून दिलेली पिल्लंही ती बिनतक्रार वाढवायची. सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांचं जेवणावरचं मनच उडालं होतं. मावशी गुडघ्यावर येऊन बसायची, आणि तिला दाणे भरवता भरवता त्यांच्याही पोटात दोन घास जायचे. तिला तरी नेऊ नका, थकलीये ती, असं मी त्यांना सांगून पाहिलं. पण लेकीने मागितलं आणि बापाने नाही म्हटलं, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही. कुठूनही सोडली तरी ती घरी येते, एवढंच ते म्हणाले.

सकाळी आम्ही कबुतरांची टोपली नणंदेच्या ताब्यात दिली, सोबत पाण्याची वाटी. कपडे बदलून परत आलो तर चर्चच्या पायऱ्यांवर, भर उन्हात, एक पांढरी लाकडी पेटी. तिला साटिन, फिती, कागदी फुलं. टोपली रिकामी होऊन भिंतीकडेला पडली होती. वाटी तिच्या शेजारी, पाण्याने काठोकाठ भरलेली. पेटीत ठेवली तर सांडून साटिनवर डाग पडतील, म्हणून नणंदेने ती बाहेरच ठेवली होती.

पेटीला भोकं आहेत ना, असं मी विचारलं.

"होती गं वहिनी, पण फार घाण दिसत होती," ती म्हणाली. "म्हणून वरून साटिन लावून टाकलं. थोडा वेळच तर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ताच्या आत्ता उघड, म्हणाले. तर ही पेटीसमोर आडवी उभी. फादरच उघडणार आहेत, चार लोकांत तमाशा नको. तेवढ्यात घंटा झाली आणि माझ्या नवऱ्याने कोपराला धरून मला पायऱ्यांसमोर अंगणात मांडलेल्या बाकावर बसवलं. बहिणीसमोर याच्या तोंडून कधी शब्द फुटलाय, तो आज फुटणार!

फादर वरच्या पायरीवर बोलायला उभे राहिले. विषय, मुक्या जिवांवर दया. पुढच्या रांगेत न्हाऊमाखू घातलेली कुत्री मालकिणींच्या मांडीवर पेंगत होती. एका मांजराच्या गळ्यात तर मोत्यांची माळ. त्यांच्यावर पुठ्ठ्याने वारा घालणं चाललं होतं. माणसं माना डोलावत होती आणि पेटीत पंख फडफडत होते. मला ऐकू येत होतं, म्हणजे पुढच्या रांगेलाही येत असणारच. मग फडफड कमी झाली. मग थांबलीच.

"बघा," फादर हसून म्हणाले, "देवाचं वचन ऐकायला पाखरंसुद्धा शांत झाली."

लोक कौतुकाने हसले. माझ्या शेजारी सासरे अर्धवट उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. जन्मभर मागच्या बाकावर बसलेला माणूस; भर प्रवचनात पुढे जायला त्यांचे पाय रेटेनात. माझे रेटले. नवऱ्याचा हात झटकून मी गेले, साटिन नखांनी ओरबाडलं आणि झाकण उचकटलं. आतली गरम वाफ थेट तोंडावर आली. कबुतरं धडपडत बाहेर पडली. पायऱ्यांवर चोची वासून बसली आणि मग एकेक करून उडाली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

मावशी पेटीच्या तळाशीच राहिली.

सासरे आले. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, चोच किंचित उघडून पाहिली आणि पायरीवर बसून तिला गुडघ्यावर ठेवलं, रोज बसायची तिथेच. नणंद रडायला लागली. मला कळलं नव्हतं पपा, मला कळलं नव्हतं, एवढंच तिचं चाललं होतं. मला तिची दया आली नाही, आणि अजूनही येत नाही. झाकलेल्या पेटीत जीव गुदमरतो, हे कळायला काय लागतं?

फादर पवित्र पाण्याचं भांडं घेऊन खाली उतरले. त्यांचाही चेहरा पडला होता. निदान मी तिला आशीर्वाद देतो, असं म्हणून त्यांनी शिंपडायला हात उचलला.

सासऱ्यांनी मावशीवर आपला तळहात आडवा धरला.

"नको, फादर," ते म्हणाले. "पाणी तिला सकाळी हवं होतं."