गोड्या पाण्यात धुतलेले शेवाळ

मित्रांनो, मी आहे एक जुनी चाळणी. पितळी जाळीची आणि आता जरा वाकड्या कडेची. कारागिराने मला पीठ चाळायला घडवले होते. नशिबी आले समुद्रातले शेवाळ.

ज्या घरी मी आले, तिथे अंगणातल्या टाक्यांत समुद्री गोगलगायींची पिल्ले वाढवतात. पिल्ले मसुरीच्या दाण्याएवढी, त्यांचे तोंड ते केवढे! म्हणून वाळलेले शेवाळ दळायचे, माझ्यातून चाळायचे आणि ती पूड पिठात कालवून, पातळ चकत्या थापून पाण्यात सोडायच्या. चकत्या थापणाऱ्या वहिनी आणि टाक्या घासणारे त्यांचे दीर, दोघेही पिल्लांना 'पोरं' म्हणत. "पोरं जेवली का?" हा त्या घरातला सकाळचा पहिला प्रश्न. पूड मऊ पडली की वहिनी माझ्या कडेवर टिचकी मारत. तीच माझी शाबासकी.

शेवाळाबरोबर थोडी वाळू यायचीच. तिने माझी जाळी फाटली. डाग देऊन आणल्यावर वहिनींना माझी दया आली. तोवर शेवाळ समुद्राच्या पाण्यातच विसळत. आता त्या ते गोड्या पाण्यात भिजत घालून चोळून चोळून धुऊ लागल्या. वाळूचा कण उरला नाही. मी सुखावले.

पण पोरं जेवेनात. चकत्या तशाच पडून राहू लागल्या. पिल्ले टाकीच्या भिंतीवरून सुटून तळाशी पडत. कित्येक पुन्हा हललीच नाहीत.

एका दुपारी वहिनींनी एक चकती स्वतःच्याच तोंडात टाकली.

"अहो वहिनी, पोरांचा घास पळवता?"

"थट्टा पुरे, भावजी. तुम्हीही खाऊन बघा. लागतंय का काही?"

भावजींनी चावून पाहिले. "छे! ना खारट, ना वास. कागद चावल्यासारखं."

"म्हणजे चाळणी जपायच्या नादात मी सगळी चवच धुऊन टाकली की हो!"

"आणि म्हणायचं गोडं पाणी! पोरांना अळणी वाढलंत, वहिनी."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी लगेच समुद्राच्या पाण्यात विसळलेले शेवाळ वाळत घातले. त्याच्या चकत्या टाकीत पडल्या, तेव्हा उरलेली पिल्ले हळूहळू त्यांच्याकडे सरकू लागली. "जेवतायत हो, भावजी, जेवतायत!" म्हणत वहिनींनी पदराने डोळे टिपले.

वाळू परत आली. मी पुन्हा झिजते आहे.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. मला घासा, कोरडी ठेवा, आपटू नका. पण माझ्यासाठी कुणाला उपाशी ठेवू नका. मला नवी जाळी बसवता येते. तळाशी पडलेल्या त्या पिल्लांसाठी तसे काहीच करता आले नाही.