सहा पोलादी खुंट्या

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि तोही नुसता उजवा. माझा डावा जोडीदार शेजारीच बसला आहे, पण तो स्वभावाने घुमा. शिवाय जे घडलं ते उजव्या पायाचं घडलं, म्हणून सांगायची पाळी माझ्यावर आली. ओमानमधल्या इब्री गावात, एका लहानशा खोलीतल्या कपाटावर, वर्तमानपत्राच्या घडीवर माझा मुक्काम आहे. माझ्या तळव्याला सहा भोकं आहेत आणि सहाही रिकामी आहेत. माझी गोष्ट म्हणजे त्या भोकांचीच गोष्ट.

माझा जन्म इटलीतला. समुद्राजवळच्या एका टेकडीवर लहानसं गाव आहे, तिथे घरटी एक माणूस बूट शिवतो. त्यांतल्या एका कारागिराचा मुलगा ओरेस्ते. चालायला लागल्यापासून त्याच्या पायात चेंडू. पुढे तो मोठ्या क्लबात गेला आणि गोल मारणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम झालं. अशा खेळाडूला स्ट्रायकर म्हणतात. गोल मारला तर लोक त्याला डोक्यावर घेतात, पण तीन सामने गोल झाला नाही तर लोक त्याचा उद्धार करायला मागेपुढे पाहत नाहीत. ओरेस्तेने दोन्ही भोगलं.

त्याच्या बापाने आम्हाला हाताने शिवलं. मऊ कातडं, दुहेरी टाका, आणि तळव्याला पेचाने बसवलेल्या सहा पोलादी खुंट्या. या खुंट्यांना खेळाडू स्टड म्हणतात. त्या मातीत रुततात, म्हणून पाय घसरत नाही. माझ्या खुंट्या चांगल्या लांब होत्या. एका सामन्याच्या सकाळी धो धो पाऊस पडत होता, मैदानाचा चिखल झाला होता. म्हातारा बसने आला, बाकावर बसला, त्याने मला मांडीवर घेतलं आणि सहाही खुंट्या स्वतःच्या हाताने आवळल्या. तो सामना हरला असता तर क्लब खालच्या वर्गात ढकलला गेला असता. शेवटच्या मिनिटाला ओरेस्तेने गोल मारला. मारला म्हणजे मीच मारला, उजव्या पायाने. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात मी हवेत आहे. हे मी अजूनही सांगत असतो आणि डावा अजूनही कंटाळतो.

त्यानंतर पंधरा दिवसांत म्हातारा गेला. तेव्हापासून ओरेस्तेने ठरवून टाकलं, की बूट पुसा, तेल लावा, उसवले तर शिवा, पण बाबांनी आवळलेल्या खुंट्यांना हात लावायचा नाही. सरावाला दुसरे जोड असत. मला फक्त सामन्यात काढायचे.

मग उतार सुरू झाला. उजवा गुडघा दुखावला, दोनदा कापला. मोठा क्लब सुटला, मग मधला सुटला, मग लहान. एक अख्खं वर्ष मी पिशवीच्या तळाशी अंधारात काढलं, कारण धनी राखीव बाकावर बसून होता आणि सामना संपला की न बोलता घरी जात होता. घरातही बोलणं कमी झालं असावं, कारण पुढे त्याची बायको मुलीला घेऊन वेगळी राहू लागली. सदतिसाव्या वर्षी त्याला विचारणारा एकच क्लब उरला होता, तो इथला. विमानातून उतरल्यावर पिशवीची चेन उघडली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कोरडी, गरम हवा लागली.

इब्रीच्या त्या क्लबात सामानाची जबाबदारी एकनाथकडे होती. एकनाथ कुडाळकडचा. जर्सी धुणं, चेंडूत हवा भरणं, बूट साफ करणं, खेळाडूंच्या पायांना पट्ट्या बांधणं, सगळं तोच करायचा, अकरा वर्षं. त्याने मला हातात घेतलं, टाका निरखून पाहिला आणि म्हणाला, "कॅप्टन, धिस इज हॅण्डवर्क. व्हेरी गुड मॅन मेड इट."

"माय पापा," ओरेस्ते म्हणाला. मग मोडक्या इंग्रजीत त्याने त्या पावसाची आणि त्या खुंट्यांची गोष्ट सांगितली. शेवटी माझ्या तळव्यावर बोट ठेवून म्हणाला, "एकनाथ, दीज, नो टच. ओके?"

एकनाथने मान डोलावली. त्याचेही वडील नव्हते, आणि ते गेले तेव्हा त्याला इथून जायला रजा मिळाली नव्हती. आमच्यासारख्या पायातल्या वस्तूची जागा खाली, दाराजवळ. पण त्या दिवसापासून त्याने मला वरच्या फळीवर ठेवलं, टॉवेलांच्या शेजारी. इतका मान मला इटलीतसुद्धा मिळाला नव्हता.

ओरेस्तेने त्या मोसमात सात गोल मारले. प्रत्येक सामन्यानंतर एकनाथ त्याच्या गुडघ्यावर बर्फ बांधायचा आणि गुडघा मडक्यासारखा सुजायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता गुडघा पुन्हा मुरगळला तर साधं चालणंही कठीण होईल. म्हणून त्याने हा शेवटचा मोसम असं जाहीर करून टाकलं. शेवटच्या सामन्याला त्याची नऊ वर्षांची लेक येणार होती. तिने बापाला मैदानावर कधी पाहिलंच नव्हतं. ओरेस्ते पट्टी बांधून घेता घेता म्हणाला, "एकनाथ, गोल नको, काही नको. सामना संपला की माझ्या पायांनी चालत तिच्यापर्यंत जायचं आहे. एवढंच."

"इन्शाल्ला, कॅप्टन," एकनाथ म्हणाला.

आता ऐका मित्रांनो, घोटाळा कुठे झाला. त्या वर्षी मैदानावर नवी हिरवळ लावली होती. मैदानाची निगा राखायला जहूर होता, पेशावरकडचा, गवताची नस ओळखणारा. सामन्याच्या दिवशी सकाळी तो एकनाथजवळ आला, माझा तळवा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"एकनाथभाई, इस घास की जड़ बहुत पक्की बैठी है. पानी भी अभी मारा है. इतनी लंबी कील फँस गई तो पैर वहीं रह जाएगा और घुटना घूम जाएगा. कप्तान को बोलो, छोटी लगाए."

"शुरू में बोला था उसने, नो टच."

"वो सितंबर था. आज फिर पूछो."

"आज के दिन कैसे पूछूँ, जहूरभाई? उसके बाप की बात है."

"तो मत पूछो. लगा दो. खलास."

एकनाथने मला मांडीवर घेतलं. मग पेच फिरवायची चावी घेतली आणि एकेक पेच सैल केला. आठ वर्षांनी म्हाताऱ्याच्या हातची पकड सुटली. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण तळव्याखाली रबरी, आखूड खुंट्या बसल्या तेव्हा हलकंही वाटलं. डाव्यालाही तशाच बसवल्या. पोलादी खुंट्या एकनाथने रुमालात बांधून खिशात ठेवल्या आणि आम्हाला नऊ नंबरच्या जर्सीखाली मांडून तो मागे कपडे वाळत घालायला गेला.

तेवढ्यात ओरेस्ते आला. वेळेच्या खूप आधी, एकटाच. त्याने मला उचललं, उलटं केलं आणि अंगठा सहाही खुंट्यांवरून फिरवला. मला वाटलं, आता ओरडणार. तो ओरडला नाही. बाकावर बसला, मला छातीशी धरलं, मोठा श्वास सोडला. त्याचे डोळे भरून आले होते, पण खांदे सैल झाले होते. मग त्याने मला होतं तस्सं जागेवर ठेवलं आणि तो लेकीला आणायला विमानतळावर गेला. एकनाथला शोधून दोन शब्द बोलला असता तर? पण तो बोलला नाही. आपलं दुःख कुणीतरी परस्पर हलकं केलं, त्यावर बोलायचं काय, असं त्याला वाटलं असेल.

दुपारी जेवण झाल्यावर एकनाथने गावी फोन लावला. वसुंधराला, त्याच्या बायकोला, त्याने सगळं सांगितलं.

"तुमी त्येका इचारलास?" तिने विचारलं.

"नाय गो. कसा इचारतलय?"

"मगे? बापाशीचो हात लागलेलो तो. तुमच्या बापाशीची वस्तू कोणी न इचारता अशी काढल्यान असती, तर तुमका चललां असतां?"

एकनाथच्या वडिलांचा पितळी तांब्या कुणीतरी मोडीत घातला होता, तो इथे असताना. त्याने फोन ठेवला, रुमाल सोडला, आणि रबरी खुंट्या काढून पोलादी पुन्हा बसवल्या. मुद्दाम घट्ट आवळल्या, म्हाताऱ्यासारख्या. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं हो. उलट फार जपत होता, आणि त्या जपण्यातच सगळं बिघडलं. मी त्याच्या मांडीवर होतो. मला तोंड असतं तर त्या क्षणी ओरडलो असतो.

संध्याकाळी धावपळ होती. ओरेस्तेची सवय अशी, की बूट घालताना तो डोळे मिटून घ्यायचा. म्हणून त्याने पाहिलं नाही. पण मैदानाकडे जाताना सिमेंटची वाट लागते. तिथे पहिलं पाऊल पडलं आणि खण्ण असा आवाज झाला. पोलादाचा. ओरेस्ते थांबला. त्याने मागे वळून एकनाथकडे पाहिलं. एकनाथ हसला, धीर दिल्यासारखा, हात छातीवर ठेवून. दारात उभा असलेला पंच ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. ओरेस्तेने मान खाली घातली आणि तो पुढे चालू लागला.

त्रेसष्टाव्या मिनिटाला चेंडू उजवीकडून आला. ओरेस्ते वळला. मी वळलो नाही. माझ्या सहाही खुंट्या त्या पक्क्या मुळांत रुतून बसल्या होत्या आणि मी कितीही जोर केला तरी सुटेना. वर काहीतरी तुटल्याचं मला कळलं. आवाज फार मोठा नव्हता. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, आणि त्या स्ट्रेचरच्या मागे मागे कठड्याच्या पलीकडून त्याची लेक धावत होती.

आठ दिवसांनी तो चाकांच्या खुर्चीत बसून निरोप घ्यायला आला. खुर्ची लेक ढकलत होती. एकनाथची नजर वर होईना.

"सकाळी तू बदलल्या होत्यास," ओरेस्ते म्हणाला. "मी पाहिल्या होत्या. मग पुन्हा का लावल्यास?"

एकनाथच्या तोंडून कसेबसे तीन शब्द आले. "युअर फादर, कॅप्टन."

ओरेस्तेने मला उचलून मांडीवर घेतलं. मग हळूहळू, शब्द शोधत म्हणाला, "पापा आधी मैदान बघायचा. मग खुंट्या निवडायचा. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून लांब लावल्या. इथे असता तर पहिल्याच दिवशी त्याने स्वतः काढल्या असत्या, आणि मला शिव्या घातल्या असत्या. ते मला सकाळी कळलं. आणि वाटेत आवाज ऐकूनही मी बोललो नाही. दोघेही मूर्ख, एकनाथ."

एकनाथ खाली बसला आणि खुर्चीच्या चाकाला धरून रडला. ओरेस्तेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण ठीक आहे असं म्हणाला नाही. ते ठीक नव्हतंच. मग त्याने एकनाथला चावी आणायला सांगितली. लेकीने ओंजळ पुढे केली आणि माझ्या सहा पोलादी खुंट्या एकेक करून तिच्या ओंजळीत पडल्या. बूट त्याने नेले नाहीत.

तेव्हापासून मी इथे, एकनाथच्या खोलीत आहे. एकनाथ दर शुक्रवारी मला तेल लावतो. रबरी खुंट्या त्याच्या खणात आहेत, पण त्या त्याने पुन्हा कधी बसवल्या नाहीत. वसुंधरा फोनवर विचारते, "तो चलता काय आता?" एकनाथ म्हणतो, "काठी घेवन."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. आम्हाला ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, तेलाचं बोट फिरवा. पण जपता जपता एवढं करा, की ज्याच्यासाठी जपता त्याला एकदा विचारा. पूर्वी विचारलं असेल तरी पुन्हा विचारा. आणि ज्याने तुमच्यासाठी जपलं, तो कपडे वाळत घालत असेल तर मागच्या अंगणात जाऊन त्याला शोधा आणि सांगा. त्या दिवशी ड्रेसिंगरूमपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत फक्त वीस पावलं होती. ओरेस्ते तेव्हा दोन्ही पायांवर चालत होता.