राजाची उडी

शेलूबाजारच्या बुद्धिबळ क्लबात भगवंतराव आणि दौलतसिंग अकरा वर्षं खेळत होते आणि कोणीच कोणाच्या पुढं गेलं नव्हतं. एका शनिवारी हा जिंकला की पुढच्या शनिवारी तो. म्हणून मंगरूळपीरच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला दोघं समोरासमोर आले तेव्हा ठरलं, हरेल त्यानं जन्मभर दुसऱ्याला गुरुजी म्हणायचं आणि क्लबात चहाही आणून द्यायचा.

स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. दौलतसिंगचं लिहिलेलं त्याचं त्यालाही लागत नसे. भगवंतराव भाजीचा मळा मुलाच्या हवाली करून साठीत अक्षरं शिकले होते. ते अजूनही वांग्याची रोपं लावावीत तसं, अंतर सोडून लिहीत.

विसाव्या चालीला त्यांचा राजा कोंडीत सापडला. त्यांनी तो उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाहेर काढला. क्लबात अशी उडी डावात एकदा चालते. स्पर्धेत चालत नाही. दौलतसिंगनं मान हलवली.

"उडी राखून होता तं."

"राखा लागते, बावा."

दोघांनी चाल लिहून घेतली. आणखी दहा चालींत भगवंतराव डाव जिंकत आले. पंच सुचिता टेबलाजवळ आल्या, तेव्हा भगवंतरावांनी आपला कागद हळूच पुढं सरकवला.

"काका, अक्षर किती सुंदर आहे," म्हणत त्या वाचू लागल्या आणि मधेच थांबल्या. "राजा जी-एकवरून एच-तीनला कसा गेला?"

"उडून गेला," दौलतसिंग म्हणाला. "म्या पाह्यलं ना."

डाव त्या चालीपर्यंत मागं नेला गेला. राजाला हात लागला होता, म्हणून राजाच हलवणं भाग होतं. एकच घर मोकळं होतं. तिथं दौलतसिंगच्या हत्तीनं मात केली. ती करायलाही पंचांना त्याला दोनदा सांगावं लागलं.

परतीच्या जीपमध्ये भगवंतराव म्हणाले, "सरका, गुरुजी."

"मले म्हनू नोको. उडी तुह्या हक्काची होती. गुरुजी तूच."

"कागदावर तुमी जितले."

"अन् कागद कोनं दाखवला?"



आता क्लबात दोघंही एकमेकांना गुरुजी म्हणतात. शनिवारी पट मांडला की समोरच्या टपरीकडं बघत बसतात.

"गुरुजी, चहा?"

"आना ना, गुरुजी."

कोणीच उठत नाही.