कोऱ्या मशीनवर चाललं होतं

ऑफिसात तिला सूचनाबाई म्हणत. क्वांटम संगणकावर काम करणाऱ्यांसाठी कंपनी जे सॉफ्टवेअर बनवायची, ते आपल्या संगणकावर कसं बसवायचं, नव्या आवृत्तीत काय बदललं, हे सगळं तीच लिहायची. आणि एक शब्दही अंदाजपंचे लिहायची नाही. टेबलाच्या कडेला तिचा एक जुना लॅपटॉप असे. दरवेळी तो पुसून कोरा करायचा, आपलीच सूचना परक्यासारखी वाचायची आणि ओळीमागून ओळ करून बघायची. सगळं बिनबोभाट पार पडलं तरच मजकूर बाहेर. दहा वर्षांत तिच्या लिखाणाला कोणी नावं ठेवली नव्हती आणि याचा तिला थोडा ताठाही होता. का नसावा?

या वेळचा बदल मोठा होता. आजवर सगळं एकाच गठ्ठ्यात यायचं, आता त्याचे दोन भाग केले होते. एक भाग खऱ्या क्वांटम मशीनकडे काम पाठवणारा. दुसरा साध्या संगणकावर त्या मशीनची नक्कल करणारा, सरावापुरता. तिची सूचना काल सकाळी बाहेर पडली.

आज साडेअकराला चहा पिता पिता हे गठ्ठे बांधणारा इंजिनिअर सहज म्हणाला, "जुनं आधी काढून टाकायला सांगितलंयस ना गं? नाहीतर त्याचे तुकडे मागे राहतात. मग काम मशीनकडे जातच नाही, गुपचूप नकलेवर चालतं. आणि एरर म्हणशील तर एकही नाही."

तिने कप खाली ठेवला. कोऱ्या मशीनवर जुनं काही नसतंच, मग ते काढा असं सुचणार कुठून? लोकांच्या घरात आधीचा पसारा असतो, हेच ही शहाणी विसरली होती. तिने घाईघाईने ती ओळ सूचनेत घातली. पण एकदा बसवून झाल्यावर सूचना पुन्हा कोण वाचतं? तेवढ्यात तिला चिंगी आठवली.

चिंगी म्हणजे धाकटी नणंद. अठ्ठावीस वर्षांची झाली, विद्यापीठात संशोधन करत होती, तरी घरात ती चिंगीच. आठ महिने रांगेत थांबून तिला खऱ्या मशीनवर दोन तास मिळाले होते. आज, बारा ते दोन. पुढचा नंबर लागायला वर्ष जाणार होतं आणि प्रबंधाची मुदत चार महिन्यांत संपत होती. कालच फोनवर म्हणाली होती, "वहिनी, नवीन आवृत्ती बसवली हं. तुझा स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही!"

तिने फोन लावला. बंद. कामाला बसली की फोन बंद करायची सवय चिंगीने वहिनीचंच बघून लावून घेतली होती. तिने टॅक्सी पकडली. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक सिग्नलला तिचा जीव खालीवर होत होता. मशीन रिकामं बसलंय, मिनिटं जाताहेत आणि पोरीला पत्ताच नाही. मधेच एक विचार मनात शिरला: गप्प बसले तर? चिंगीला कळणार नाही, नवऱ्याला कळणार नाही. त्या विचाराची तिला नोकरी जाण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

एक वाजून पाच मिनिटांनी ती तिसरा मजला चढून खोलीत शिरली. दोन स्क्रीन, ओढलेले पडदे, खुर्चीवर स्वेटर. चिंगीने वळून बघितलं आणि धावत येऊन मिठीच मारली.

"वहिनी, तू कशी काय? बघ तरी! इतका स्वच्छ निकाल, मला वाटलंच नव्हतं! गाईडसरांना मेलवर कळवूनसुद्धा टाकलं."

खरं मशीन कधी इतकं स्वच्छ उत्तर देत नाही, त्यात चुकार आकडे मिसळलेले असतातच. वहिनीने तिला खुर्चीकडे वळवलं. "चिंगे, बस जरा. हे मशीनवर चाललेलंच नाही. जुने तुकडे राहिलेत. ही नक्कल आहे."

"पण मी सगळं तुझ्या सूचनेप्रमाणे..."

"म्हणूनच."

चिंगीचं तोंड एवढंसं झालं. तिने घड्याळ पाहिलं आणि कीबोर्ड जवळ ओढला. "सांग. काय काय काढू?"

वहिनी सांगू लागली. दुसऱ्याच ओळीला चिंगीची बोटं थांबली. "हे तू करून बघितलंयस?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "नाही," ती म्हणाली.

"मग तूच बस."

ती बसली. एक शब्द तीनदा चुकला. जुनं निघालं, नवं बसलं, एक चाळीसला काम खऱ्या मशीनकडे गेलं. दोनच्या ठोक्याला जोडणी तुटली तेव्हा निम्मेच आकडे आले होते, तेही वेडेवाकडे. चिंगीने ते वरपासून खालपर्यंत वाचले.

"यात काही आहे का गं?" वहिनीने विचारलं.

"माहीत नाही," चिंगी म्हणाली. तिने फोन चालू केला, सरांना लावला आणि स्पीकरवर टाकला. "सर, मघाचा निकाल धरू नका. चूक झाली. मी... मी तपासून बघायला हवं होतं."

आपलं नाव येईल म्हणून वहिनी अंग चोरून उभी होती. ते आलं नाही, आणि तिला ते सोसवेना. तिने फोन हातातून घेतला. "सर, चूक माझी आहे. ती सूचना मी लिहिली. तुमच्याकडे अजून कोणी बसवलंय का हे?"



"आमच्या गटातल्या अठराच्या अठरा जणांनी," सर म्हणाले. "मी थांबा म्हणत होतो. हीच म्हणाली, माझ्या वहिनीने लिहिलंय, डोळे मिटून करा."