डाव्या हाताने पोट धरून

तिसऱ्यांदा आकडे दाबले तरी तिजोरीचं दार उघडेना. ग्लेना कपाटासमोर स्टुलावर बसली होती. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, दहा पौंडांवर काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिजोरी तर जमिनीलगत. डाव्या हाताने पोट धरून तिने चौथ्यांदा आकडे दाबले. तिजोरी पुन्हा नुसती पिपिप वाजली.

"बदललाय मी आकडा," मागून डोयल म्हणाला. तो कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"कधी?"

"तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं कोणाला? तू शुद्धीत कुठं होतीस? घरी आलीस तेव्हा गोळ्यांनी डोळे उघडत नव्हते तुझे. असल्या माणसाच्या हाती पिस्तूल देऊ?"

"गोळ्या सोडून महिना झाला. आकडा सांग."

"खोकायचं झालं तर पोटावर उशी दाबावी लागते तुला, आणि निघालीस पिस्तूल लावून फिरायला."

"आकडा, डोयल."

त्याने कॉफीचा घोट घेतला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने भांडताना कधी आवाज चढवला नव्हता. तो असा सावकाश घोट घ्यायचा, आणि ग्लेनाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ग्लेना स्टकी घरं विकायचं काम करायची. अमेरिकेतल्या मिसूरीच्या त्या डोंगराळ भागात लोक म्हातारे होतात, मुलं शहरात जातात आणि घरं उरतात. ती घरं ती दाखवायची, बहुतेक वेळा एकटीच. खडीच्या रस्त्याच्या टोकाला, शेजारी हाकेच्या अंतरावर नाही, अशा ठिकाणी. नऊ वर्षांपूर्वी असल्याच एका घरात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने तिला स्वयंपाकघरामागच्या कोठीत ढकललं आणि दार आतून लावून घेतलं. वीस मिनिटांनी गॅसच्या टाकीवाला ट्रक अंगणात येऊन भोंगा वाजवू लागला, तेव्हा तो मागच्या दाराने पळाला. पुढे कधी सापडला नाही. त्या वीस मिनिटांबद्दल ती एकदाच बोलली, ते पोलिसांशी. त्या दिवशी डोयल तिच्याबरोबर जाणार होता. सकाळी मासे लागताहेत असा कुणाचा तरी फोन आला आणि तो नदीवर गेला.

पुढच्या आठवड्यात तिने पिस्तूल घेतलं. बेंबीच्या थोडं उजवीकडे, पँटच्या आत, वर ढगळ शर्ट. चर्चमध्ये, वाणसामानाच्या दुकानात, नातीच्या वाढदिवसाला, नऊ वर्षं ते तिथंच होतं. पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या हॉलिसने तिच्याकडून हजारो वेळा एकच गोष्ट करून घेतली होती. डाव्या हाताने शर्ट वर, उजवा हात पोटाशी.

मग सप्टेंबरात तिचं आतडं फुटलं. पोटभर पू झाला होता. डॉक्टरांनी वीतभर आतडं कापून टाकलं आणि बेंबीला वळसा घालून वरपासून खालपर्यंत टाके घातले. आता सात आठवडे झाले होते. पिस्तुलाच्या जागी जांभळट-लाल, दोरीसारखा वळ होता, आणि पँटचं बटण लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

शेवटी डोयल म्हणाला, "हॉलिसला विचारू. तो हो म्हणाला तर माझी ना नाही."

"तो कोण लागून गेला?"

"तूच म्हणतेस ना, त्याच्याइतकं या जिल्ह्यात कुणाला कळत नाही?"

हॉलिसच्या चांदमारीच्या शेडमध्ये थंडी मी म्हणत होती. हॉलिस सत्तरीचा, पोलिसातून निवृत्त, गोड बोलणं माहीतच नाही. डोयलने तिजोरीतून काढून आणलेलं पिस्तूल त्याने रिकामं केलं, स्वतः दोनदा तपासलं आणि तिच्या उजव्या कमरेवर, पार बाजूला लावून दिलं.

"पोटापाशी नाही लावायचं. कमरेवर लावायचं. मी टाळी वाजवली की काढायचं. घाई नको."

टाळी वाजली. ग्लेनाचा उजवा हात सरळ पोटाशी गेला.

"पुन्हा."

पुन्हा तेच. दहा वेळा टाळी वाजली, त्यात सात वेळा हात पोटाशी गेला. शेवटच्या खेपेला बोटं वळावर आदळली आणि ती टेबल धरून उभी राहिली. डोयल मागच्या बाकावर बसून बुटाने जमीन खरवडत होता.

"तुझ्या हाताला ऑपरेशनची बातमीच नाही पोचली अजून," हॉलिस म्हणाला. "घरी रिकाम्या पिस्तुलानं सराव कर. रोज शंभर वेळा. महिन्यानं ये. तोवर लावू नकोस."

"तोवर माझी घरं दाखवायला तू जाणार आहेस?"

"कुणाला तरी बरोबर ने."

"कुणाला? ह्याला?" तिने मागे न बघताच अंगठा दाखवला.

 हॉलिसने पिस्तूल डब्यात घालून तो डबा तिच्याच हातात दिला, डोयलच्या नाही. तेवढी रीत त्याने पाळली.

घरी येताना गाडीत डोयल म्हणाला, "झालं समाधान? आता ठेव तिजोरीत."

"ठेवते," ती म्हणाली, आणि ठेवलं नाही.

गुरुवारी दुपारी तिला एक घर दाखवायचं होतं. एक म्हातारी वृद्धाश्रमात गेली होती, तिचं घर. सामान काढून नेलेलं, पडदे तेवढे राहिलेले. डोयल गाडी काढून फाटकात उभाच होता. "मी सोडतो."

"राखणदार नकोय मला."

"बस ना. वजन उचलायचं नाही म्हणे, स्टिअरिंग कसं वळवणार आहेस?"

ती बसली. तिच्या उजव्या कमरेवर, लोकरी स्वेटरखाली, भरलेलं पिस्तूल होतं. ते त्याने पाहिलं असावं. घर पाच मैलांवर होतं. घरापाशी उतरताना ती म्हणाली, "आत येऊ नकोस. गिऱ्हाईक बिचकतं."

गिऱ्हाईक आधीच आलं होतं. टीग नावाचा आडदांड माणूस, दाढी छातीपर्यंत, जाड कॅनव्हासचं जाकीट. त्याने रामराम न करताच सुरुवात केली.

"छप्पर किती जुनं?"

"बारा वर्षांचं."

"कागद आहे?"

"ऑफिसात आहे."

"म्हणजे नाही." तो स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, वास घेतला, भिंतीवर नख ओढलं. "हा रंग नवा आहे. काय झाकलंय खाली?"

"घर विकायला काढताना रंग देतात, मिस्टर टीग."

"फसवायला देतात."

ती प्रत्येक खोलीत त्याला पुढे घालत होती. गिऱ्हाईक पुढे, आपण मागे, पाठ दाराकडे. तळघराचा दिवा तिने जिन्याच्या तोंडाशी लावायचा प्रयत्न केला तर तिथलं बटण खराब निघालं. टीग तसाच खाली उतरला, चाचपडत खालचं बटण शोधलं आणि दिवा लावला. ती वरच उभी राहिली.

"बाई, खाली या! हे बघा!"

"इथूनच सांगा."

"इथून काय सांगू, डोळ्यांनी बघा ना!"

"मला जिना चढवत नाही."

खालून शिवी ऐकू आली. मग त्याचे बूट जिन्यावर धाडधाड वाजायला लागले. दोन-दोन पायऱ्या टाकत तो वर येत होता, हातात ओल्या गिलाव्याचा ढलपा होता. त्याच क्षणी वाऱ्याने मागचं दार धाडकन आपटलं.

ग्लेनाने काही ठरवलं नाही. हात आपला आपण गेला, नऊ वर्षं जिथं जात होता तिथंच. चार बोटं ताठ होऊन टाक्यांच्या वळात घुसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, ती कंबरेत वाकली आणि स्वेटर बाजूला होऊन कमरेवरचं पिस्तूल उघडं पडलं.

गिलावा पायरीवर फुटल्याचा आवाज आला. तिने मान वर केली. टीग चार पायऱ्या खाली उभा होता. त्याचा उजवा हात जाकिटाच्या आत होता, आणि मुठीतली काळी पिस्तुलाची मूठ अर्धी बाहेर आली होती.

"हात दिसू दे," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "दोन्ही."

"ऑपरेशन झालंय माझं. पोटाचं."

"हात!"

तिने हात वर केले. पोट सोडल्यावर कळ थेट पाठीत गेली.

"कशाला हात घालत होतीस?"

"दार आपटलं. दचकले."

"आणि मला मारणार होतीस? काय केलं मी? भिंतीला ओल आहे, ते दाखवायला आलो वर!"

"तुमचाही हात गेलाच की."

"तुझा गेला म्हणून माझा गेला!" त्याच्या दाढीत थुंकी उडाली होती. "तुझा हात बरोबर जागी गेला असता ना, तर आपल्यातलं कुणीतरी या जिन्यावर पडलं असतं आत्ता. घरी तीन पोरं आहेत माझी. कळतंय?"

तिला कळत होतं. 

भिंतीला चिकटून, तिच्यावरची नजर न काढता तो तिला ओलांडून गेला. अंगणात डोयलच्या गाडीच्या खिडकीपाशी थांबून ओरडला, "बाईला घरात ठेव! तुमच्या ऑफिसला फोन करतोय मी!" आणि खडी उडवत त्याची गाडी गेली.

डोयल धावत आत आला तेव्हा ग्लेना स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती.

"सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "मी सांगितलं, हॉलिसनं सांगितलं—"

"त्या दिवशी मासे किती मिळाले होते?"

तो थांबला. कुठला दिवस ते त्याने विचारलं नाही.

"नऊ वर्षं विचारायचं राहिलंय माझं. किती?"

डोयलने टोपी काढली, पुन्हा घातली. "एकपण नाही," तो म्हणाला.

तिने कमरेचं पिस्तूल काढलं आणि गोळ्यांचं मॅगझिन ओट्यावर ठेवलं. नळीतली गोळी काढायला वरचा भाग मागे ओढावा लागतो, ते दोनदा ओढून पाहिलं, पण पोटात जोर नव्हता. तिने नळी भिंतीकडे करून पिस्तूल त्याच्यापुढे धरलं.

"ओढ."

त्याने ओढलं. गोळी ओट्यावर पडली आणि भांडी धुवायच्या कुंडीत घरंगळली.

"गाडीच्या कप्प्यात ठेव. तुझ्या तिजोरीत नाही. आणि दिवे मालवून ये."

ती गाडीत जाऊन बसली तोच ऑफिसचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. जानेवारीपर्यंत घरं दाखवायची नाहीत, टेबलाशी बसून कागदपत्रं करायची, पुढचं पुढं बघू. "बरं," ती म्हणाली. फोन ठेवला. नोव्हेंबरची दुपार राखाडी झाली होती आणि घरातले दिवे खिडकीमागून खिडकी असे विझत होते. बैठकीची खोली, झोपायची खोली, न्हाणीघर. डोयल बाहेर आला, दार ओढून घेतलं, गाडीत बसून किल्ली फिरवली.

"तळघरातला राहिला," ती म्हणाली. जमिनीलगतच्या अरुंद खिडकीतून पिवळा उजेड गवतावर पडला होता.

"राहू दे. उद्या कुणी तरी घालवेल."

"घर मी घेतलंय विकायला."

"मग मी जातो."

"बस तू."

ती उतरून घराकडे निघाली. तोही उतरला, पण तिच्या मागे गेला नाही. गाडीच्या दारापाशीच उभा राहिला.

घरात अंधारून आलं होतं. जिन्याच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली, डावा हात पोटावर आडवा धरला, उजवा भिंतीला लावला आणि एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, मग पुढची, असं करत उतरू लागली. गिलाव्याचे तुकडे बुटाखाली कुरकुरत होते. खाली कुणी नव्हतं. एक जुनी खुर्ची, पाणी तापवायची टाकी, उघडा दिवा. तिचा तळहात ओला झाला होता. भिंत खरोखरच वरपर्यंत ओलसर होती.

तिने हात पँटला पुसला, दिवा मालवला आणि अंधारात पहिली पायरी पायाने चाचपली.