पंखांचा सिंह

पलटणीच्या बाहीवर खेचराचं चिन्ह होतं. पाठीवर ओझं, खाली घातलेली मान, मागे डोंगराची एक रेघ. नवे साहेब आले आणि त्यांना त्या खेचराची लाज वाटू लागली.

"आपण काय ओझी वाहणारे आहोत का?" मेसमधल्या लांब टेबलाशी बसून साहेबांनी विचारलं.

पलटण तेच तर करत होती. रस्ता संपतो तिथून पुढं औषधं, पीठ, तोफांचे सुटे भाग वर नेत होती. पण खरं बोलायला तोंड लागतं, आणि टेबलाभोवती होत्या नुसत्या मिशा.

हवालदाराची बायको कोपऱ्यात भरतकामाची गोल चौकट मांडीवर घेऊन बसली होती. ठरेल ते चिन्ह तिथंच भरून दाखवायला तिला बोलावलं होतं. लक्ष मात्र टेबलाशी बसलेल्या नवऱ्याकडे. बर्फात पाय मोडून तो पडला होता, तेव्हा एका म्हाताऱ्या खेचरानं त्याला जिवंत खाली आणलं होतं. तेव्हापासून बाहीवरची चिन्हं भरताना ती गुणगुणायची:

बाई, वाट सरली गं, पुढं उभा तो डोंगर
धनी आणला पाठीवर, किती गुणाचं खेचर

सकाळीच तो म्हणाला होता, "मी बोलणार. सगळ्यांत जुना मीच. खेचर जाऊ देणार नाही." तिनं त्याची कॉलर सारखी केली होती, नव्या नवरीच्या हलक्या हातानं.

"सिंह घेऊ," साहेब म्हणाले.

"वा!" एक मिशी.

"पंख हवेत साहेब. उंचावर जातो आपण."

"पायी," ती पुटपुटली. कुणी ऐकलं नाही.

"पंजात वीज!"

"आणि मागं दोन तलवारी!"

दुसऱ्याच्या पैशानं आहेर करावा तसा जो तो हात सैल सोडत होता. एवढ्या गर्दीत सिंहाच्या तोंडाला जागाच उरेना. भरता भरता ते दूध चोरताना सापडलेल्या मांजरासारखं दिसू लागलं.

"हवालदार, तुम्ही सगळ्यांत जुने," साहेब वळले. "बोला, खेचर ठेवायचं का?"

तिची सुई थांबली.

हवालदार उठला. खाकरला. साहेबांच्या भुवया कुठं चालल्यात ते त्यानं नीट पाहून घेतलं.

"खेचर म्हणजे काय साहेब, जनावरच ते. सिंहच शोभतो आपल्याला. फक्त आयाळ जरा मोठी करा."

तिनं आयाळ मोठी केली.

संध्याकाळी घरी तो म्हणाला, "अगं, वेळ बघून बोलावं लागतं. बढती तोंडावर आलीये."

"बोललात की. आयाळीचं सुचलं तुम्हाला. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का?"

त्यानं सदरा आणि नवं चिन्ह तिच्या मांडीवर ठेवलं. पलटणीची जुनी रीत होती: बाहीवरचं चिन्ह आईनं, बायकोनं नाहीतर सोबत्यानं शिवायचं. ज्याची वाट पाहणारं घरी कुणी नसे, तोच फक्त स्वतः शिवायचा.

तिनं सुईत दोरा ओवला, सुई सिंहाच्या पंखात खोचली आणि सदरा त्याच्यापुढं सरकवला.

"अगं! माणसं काय म्हणतील?"

"साहेबांना विचारा ना, काय म्हणायचं ते."

तो दिव्याजवळ सरकला. पहिला टाका वाकडा पडला. तिनं तो पाहिला, आणि उसवायलाही हात पुढं केला नाही.