थोरलीचं नाक

रस्त्याच्या कोपऱ्यावर दोघा भावांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घाणा, वर घर. थोरला घाण्यावर तेल काढायचा, धाकटा गाडीतून माल पोचवायचा आणि बाकीचा सगळा व्याप दोघी जावा सांभाळायच्या. सॉस शिजवायचे, व्हिनेगर लावायचं, बाटल्या भरायच्या आणि गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते ओळखायचं.

हे शेवटचं काम थोरलीचं. कुणी तेल मागितलं की ती आधी विचारायची, "तळायचंय की वरून घालायचंय?" तळायला म्हणून कुणी महागाचं तिळाचं तेल उचललं तर त्याच्या हातातून बाटली काढून घ्यायची. "कढईत हे कडवट होईल. शेंगदाण्याचं न्या. तिळाचं हवंच असेल तर उकडलेल्या भाजीवर शेवटी घाला, चमचाभर."

घाण्यातून नवं तेल निघालं की ती थेंबभर तळहातावर घेऊन चोळायची आणि हात नाकाशी न्यायची. दाणे जरा जुने असले की तिची मान आडवी हलायची. नवरा म्हणायचा, "मला तर काही वास येत नाही." मग थोड्याच दिवसांत ते तेल खवट व्हायचं आणि तो गुपचूप डबा बाजूला ठेवायचा. आमच्या दुकानाची अब्रू हिच्या नाकावर उभी आहे, असं तो चारचौघांत सांगायचा. ती नाक मुरडायची, पण मनातून सुखावायची.

व्हिनेगरच्या बरण्या मागच्या गार खोलीत, तोंडाला फडकं बांधून ठेवलेल्या असत. सफरचंदाच्या साली, साखर, पाणी, आणि वर हळूहळू धरणारी जाड साय. त्या सायीला दोघी जावा 'सासूबाई' म्हणायच्या, कारण ती वर बसून राहते आणि खालचं सगळं आंबट करते. खऱ्या सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्याही कानावर हे गेलं होतं, आणि त्या पोट धरून हसल्या होत्या.

त्या हिवाळ्यात थोरलीला ताप आला. अंगातून उतरायला बरेच दिवस लागले. उठून पहिल्यांदा खाली आली ती थेट बरण्यांकडे. फडकं सोडून वाकली. डोळ्यांत पाणी आलं, नाकात झोंबलं, पण वास आला नाही. तिला वाटलं, सर्दी अजून गेली नाही. मग तिने लसूण ठेचला, जिरं भाजलं, रॉकेलच्या चिंधीपाशी नाक नेलं. कशालाच काही नव्हतं. भिंतीला नाक लावावं तसं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वास येईल कदाचित, कदाचित येणारही नाही, वाट बघायची. तिने घरी येऊन सांगितलं, "अशक्तपणा आहे म्हणाले." आणि पदर खोचून कामाला लागली.

आता ती तेल चोळून नाकाशी नेई ते नुसतं सवयीनं. रंग बघायची, जिभेवर थेंब ठेवायची, दाणे कुठून आले ते आठवायची आणि अंदाजानं मान हलवायची. टोमॅटोचा सॉस शिजत आला की नाही हे ती पूर्वी वासावरून, दुसऱ्या खोलीतून सांगायची. आता पळी घेऊन पातेल्यापाशीच उभी राहायची. बोलणं मात्र पूर्वीसारखंच ठेवलं होतं, उलट थोडं जास्तच. गिऱ्हाइकं तिच्यावर विसंबून होती. माल आधीसारखाच चांगला जात होता. तिला वाटलं, जमतंय आपल्याला.

मग एका दुपारी ती गाळणं शोधत मागच्या अंगणात गेली. धाकटी मोरीपाशी बसून तेलाचा एक डबा पिंपात ओतत होती. ते तेल थोरलीनं सकाळीच बघितलं होतं आणि "फर्मास आहे" म्हणून सांगितलं होतं.

"हे काय करतेस?"

धाकटी दचकून उभी राहिली. "साबणवाल्याला द्यायचंय, ताई."

"चांगलं तेल साबणाला?"

थोरलीनं बोट बुडवून जिभेवर ठेवलं. घशाशी किंचित खवखवलं, इतकंच. पिंपाकडे बघितलं तर ते अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.

"कधीपासून?"

"तुम्ही तापातून उठलात तेव्हापासून." धाकटीनं डबा खाली ठेवला. "तुमचं दूध करपलं होतं. पार काळं. तुम्ही शेजारी उभ्या राहून भाजी चिरत होतात. भाऊजींनी येऊन गॅस बंद केला, तुम्हाला कळलंही नाही. तेच म्हणाले, तिच्या मागून तू एकदा बघत जा. मला कुठे कळतंय तुमच्याइतकं? जरा शंका आली की ओतून टाकते. चांगलंही गेलं असेल त्यात."

थोरली तशीच घाण्यावर गेली. नवरा पेंड काढत होता. तिचा चेहरा बघून त्यानं मोटार बंद केली.

"सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटीच वेडी."

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

"घरचा स्वयंपाक कसा होतोय? खरं सांगा."

"बरा होतो."

"खारट?"

"थोडा."

"म्हणजे खूप."

त्यानं हातातली पेंड खाली ठेवली. मग म्हणाला, "व्हिनेगरही जरा जास्त पडतं. पण पोटात जातं की."

हेच तिला सर्वांत जास्त लागलं. त्यानं ओरडायला हवं होतं, ताट सरकवायला हवं होतं. त्याऐवजी तो इतके दिवस खाली मान घालून खात राहिला होता, आणि ती समोर बसून वाढत होती. "माझी लाज राखलीत होय," ती म्हणाली, "पण मला लहान मूल केलंत." ती वर गेली ती बरेच दिवस खाली आली नाही.

दुकान चालत होतं पण धाकटीच्या नाकी नऊ आले होते. शेवटी तीच तेलाच्या दोन बाटल्या घेऊन वर आली आणि थोरलीच्या पलंगाशी जमिनीवर बसली.

"ताई, रागावा, पण शिकवा. या दोन्हींत मला फरक कळतोय, पण कुठलं वाईट ते कळत नाही."

थोरली भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "ओल्या पुठ्ठ्यासारखं काही वाटतं का? की रंगाच्या डब्यासारखं?"

धाकटीनं हुंगलं. "दुसऱ्याला पुठ्ठा."

"दुसरं टाक."

तिथून रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. धाकटी हुंगायची, येईल तशा शब्दांत सांगायची, आणि थोरली त्या शब्दांवरून निवाडा द्यायची. सॉसला फोडणी कधी द्यायची, सुक्या मिरचीचं तेल कोणत्या क्षणी उतरवायचं, व्हिनेगर कुजकं लागतंय की अजून कोवळं आहे, सगळं. धाकटीचं नाक हळूहळू तयार होत होतं. एकदा तिनं विचारलं, "भाजलेल्या तिळाला शेवटी कसा वास येतो, करपायच्या आधी?" थोरलीनं तोंड उघडलं आणि थांबली. इतकी वर्षं सांगत आलेली वाक्यं ओठांवर होती, पण त्यांच्यामागे काही उरलं नव्हतं.

"मला आठवत नाही गं," ती म्हणाली. "वास गेलाच होता. आता आठवणही चाललीय."

धाकटीनं तिच्या पायावर हात ठेवला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला थोरली खाली आली. गल्ल्याशेजारची आपली जागा तिनं घेतली नाही. मागे बाटल्या धुवायला आणि भरायला बसली. एक जुनी बाई टोमॅटोचा सॉस न्यायला आली होती. तिला आत बसलेली थोरली दिसली. "अहो, हल्लीचा सॉस पूर्वीपेक्षाही छान होतोय. काय बदललंत?"

"हात बदलला," थोरली म्हणाली.

बाई हसून गेली. धाकटी पुढे उभी होती. तिनं मागे वळून बघितलं नाही, कारण ती रडत होती. थोरली बाटल्या पुसत राहिली. त्या रात्री जेवताना तिनं तो सॉस पानात वाढून घेतला. आंबट लागला, तिखट लागला, बरोबर मीठ लागलं. बाकी जे बाईला कळलं होतं ते तिला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बरण्यांच्या खोलीत पाठमोरी उभी असताना नवऱ्यानं मागून हाक मारली. ती इतकी दचकली की हातातलं फडकं पडलं.

"एवढं काय घाबरायचं?"

"तुमच्या अंगाला पेंडीचा वास येतो," ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हा मला सोसायचा नाही. मग सवय झाली. तुम्ही दारात आलात की मला पाठमोरीलाही कळायचं. आता तुम्ही शेजारी येऊन उभे राहता, तरी मला खोली रिकामीच वाटते."

बोलण्यातला माणूसच नव्हता तो. पण त्या दिवसापासून कुठल्याही खोलीत शिरताना तो उंबऱ्यावर थांबतो आणि म्हणतो, "मी आलोय." ती मान न वळवता म्हणते, "या."